पीकपाहणीत नसलेली नावं



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो त्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. मीही मास्तरच म्हणणार आहे. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं व्हायोलिन शिकलो. पुढे वकिलीकडे वळलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "शिकून झालं की आमच्याकडचे कागद एकदा वाचून सांग." ते कागद वाचायला मी उशीर केला. मास्तर गेल्यानंतर काकूंनी ट्रंकेतून त्यांच्या डायऱ्या काढून माझ्या हातात दिल्या, तेव्हा ते राहून गेलेलं काम आठवलं. आजचं व्याख्यान म्हणजे तेच काम आहे.

खिशात मावतील अशा चौदा डायऱ्या. मास्तर मुंबईत चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन वाजवत होते त्या वर्षांतल्या. अक्षर बारीक, टोकदार पेन्सिलीचं. प्रत्येक नोंदीत तारीख, स्टुडिओ, शिफ्टची वेळ, संगीतकाराचं नाव, बॅनरचं नाव आणि शेवटी रक्कम. पैसे हातात आले की रकमेवर एक छोटी आडवी रेघ. रेघ नसलेल्या रकमाही पुष्कळ आहेत. फेमस, फिल्म सेंटर, मेहबूब, राजकमल ही नावं पानापानावर येतात. एक गोष्ट मात्र जवळजवळ कुठेच नाही. गाण्याचं नाव नाही.

पहिल्यांदा मला वाटलं, मास्तर लिहायला विसरले असतील. मग त्यांच्याबरोबरच्या एका ज्येष्ठ वादकांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, आम्हाला तरी कुठे माहीत असायचं?" सकाळी नऊला स्टुडिओत पोचायचं. अरेंजरने लिहिलेलं नोटेशन स्टँडवर असायचं. सुरुवातीचा पीस, पहिल्या आणि दुसऱ्या अंतऱ्याआधीचे पीस, मधे भरायचे स्वर. गायिका काचेपलीकडे. शब्द तुटक ऐकू यायचे, मुखडा अर्धवट कळायचा, चित्रपटाचं नाव बहुतेकदा ठरलेलंच नसायचं. म्हणून डायरीत बॅनर लिहायचं. मग दोन-चार महिन्यांनी इराण्याच्या हॉटेलात चहा पिताना रेडिओवर गाणं लागायचं आणि आपलाच बो ऐकू यायचा. "हे आपण वाजवलंय" एवढंच मनात म्हणायचं, कारण ते सांगायला दुसरा पुरावा नव्हता.

आज मला जे सांगायचं आहे ते या एका गाळलेल्या रकान्याविषयी आहे. वादकाला स्वामित्वधन मिळत नाही, याची चर्चा आपण नेहमी पैशांपासून सुरू करतो. माझ्या मते ती नावापासून सुरू व्हायला हवी. ज्याचं नाव कुठल्याच नोंदवहीत नाही त्याच्या वाट्याला कायद्याने हक्क दिला तरी तो हक्क पोचवायचा कुठे?

आपण शेतीभातीची माणसं आहोत, म्हणून आपल्या परिचयाचं उदाहरण घेतो. १९४८ चा मुंबई कूळकायदा आणि त्यातली १९५६ ची दुरुस्ती. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा मालक मानला गेला. पण गावोगाव काय घडलं हे इथल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. कसत होते अनेक. ज्यांचं नाव पीकपाहणीत लागलेलं होतं त्यांचा दावा उभा राहिला. ज्यांच्या नावाची नोंद तलाठ्याच्या वहीत नव्हती त्यांची उभी हयात कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात गेली. सात क्रमांकाचा नमुना मालकी सांगतो, बारा क्रमांकाचा नमुना पीक सांगतो, आणि त्यात जमीन करणाराचं नाव असायचं. त्या एका रकान्याने कुटुंबं तगली किंवा देशोधडीला लागली.

त्याच वर्षी, १९५७ मध्ये, आपला कॉपीराइट कायदाही संमत झाला. गाण्याचा सातबारा म्हणा हवं तर. त्यात गीतकार होता, संगीतकार होता, ध्वनिमुद्रिकेचा मालक होता. गायक नव्हता, वादक नव्हता. गळ्याने आणि बोटांनी प्रत्यक्ष पीक काढणाऱ्यांसाठी रकानाच छापला नव्हता.

जे मालक म्हणून नोंदले होते त्यांचंही पुढे फारसं भलं झालं नाही. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. तिने दर जाहीर केले तशा निर्मात्यांनी हरकती घेतल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्मात्याने मोबदला देऊन गाणं करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माताच. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतःची एक टीप जोडली. श्रोता येतो तो गायकासाठी, आणि आपला कायदा गायकालाच ओळखत नाही, याची त्यांना खंत वाटली; संसदेने याकडे पाहावं असं त्यांनी सुचवलं. विद्यार्थीदशेत ती टीप मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आधार वाटला. आज पुन्हा वाचताना जाणवतं की इतक्या संवेदनशील न्यायाधीशांच्या नजरेतही गायक आला, गायकाच्या मागे बसलेले साठ जण आले नाहीत.

साठच्या दशकात लताबाईंनी गायकांना स्वामित्वधन मिळावं असा आग्रह धरला. रफीसाहेबांचं मत वेगळं होतं: गाणं गायलं, पैसे घेतले, व्यवहार संपला. त्या मतभेदापायी दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. ही गोष्ट आपण भांडणाची आठवण म्हणून सांगतो आणि सोडून देतो. मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे त्याआधी कुणी विचारलाच नव्हता. रफीसाहेबांच्या भूमिकेत हावरेपणाचा लवलेश नव्हता, औदार्यच होतं. पण औदार्य दाखवायला हाताशी भरपूर काम असावं लागतं. ज्या वादकाला उद्या बोलावणं येईल की नाही हे निरोप घेऊन येणाऱ्या मेसेंजरच्या फेरीवर अवलंबून होतं, त्याला "संपलं" म्हणणं परवडत नव्हतं. आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

हे साठ जण होते तरी कोण? गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकून आलेले व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे. पारशी घरातले अकॉर्डियनवादक. कोकणातून, घाटावरून आलेले तबला-ढोलकीवाले. बंगाल आणि नेपाळकडचे कलाकार. मुंबईतल्या गाण्याचा आवाज या सगळ्यांनी मिळून घडवला. मूळचे गोव्याचे दत्ताराम वाडकर यांच्या ढोलकवरच्या ठेक्याला सिनेसंगीतात 'दत्ताराम ठेका' म्हणतात. एका वादकाचं नाव तालाला चिकटलं, हे भाग्य विरळाच. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी असंख्य मुलांना व्हायोलिन शिकवलं. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचं नाव गुंफलं, आणि ते देशाच्या तोंडी बसलं. नाचत ते नाव घेणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं की हा माणूस खरोखर आहे आणि तो व्हायोलिन वाजवतो? जानेवारी २०१२ मध्ये ते गेले. ज्या दुरुस्तीने वादकाला स्वामित्वधनाचा हक्क दिला ती त्याच वर्षीच्या मे महिन्यात संसदेत संमत झाली.

या दुरुस्तीकडे मला जरा थांबून पाहायचं आहे, कारण आजच्या विषयाची गाठ तिथेच आहे.

गायक आणि वादक हे 'कलावंत' म्हणून कायद्यात पहिल्यांदा आले ते १९९४ च्या दुरुस्तीने. ती १० मे १९९५ पासून लागू झाली. हक्काची मुदत आधी पंचवीस वर्षं होती, १९९९ मध्ये पन्नास झाली. पण चित्रपटात वाजवायला एकदा संमती दिली की पुढे त्यांच्या हाती काहीच उरत नव्हतं, आणि आपल्याकडे वाजवणं म्हणजे बहुतांशी चित्रपटातच वाजवणं. २०१२ मध्ये हे बदललं. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू तळमळीने मांडली, आणि त्या ओघात कलावंतांसाठीही कलम ३८-अ आलं. निर्मात्याने चित्रपट चालवावा, पण त्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर कलावंताला स्वामित्वधन मिळालंच पाहिजे. लेखकांचा स्वामित्वधनाचा हक्क वारस आणि कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज कुणाच्या नावे करता येत नाही. कलम ३९-अ ने त्या तरतुदी कलावंतांनाही लावल्या. स्टुडिओच्या दारात "इथे सही करा" म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या एनओसीला कायद्याने दिलेलं हे उत्तर आहे.

आता त्याच कायद्यातली कलावंताची व्याख्या पाहा. तिला २०१२ मध्येच एक परंतुक जोडलं गेलं. चित्रपटात ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा अन्य कुठेही केला जात नाही, त्याला कलावंत मानू नये. गर्दीच्या दृश्यातल्या माणसांमुळे अडचण होऊ नये, हा या परंतुकामागचा विचार सहज कळतो. पण ही वाक्यरचना मास्तरांच्या शेजारी ठेवून वाचा. धंद्याचा रिवाज कोणता? व्हायोलिनच्या रांगेतल्या कुणाचंच नाव न देण्याचा. म्हणजे ज्या रिवाजाने अन्याय झाला तोच रिवाज हक्क नाकारण्याचा आधार होऊ शकतो.

वकील म्हणून मी ठामपणे सांगतो, हा अर्थ बरोबर नाही. परंतुकात दोन अटी आहेत आणि त्यांच्यामध्ये 'आणि' आहे. नाव न छापणं पुरेसं नाही. सादरीकरण किरकोळही असलं पाहिजे. ज्या गाण्याची सुरुवातच चोवीस व्हायोलिनांनी होते, त्यातली व्हायोलिनं किरकोळ आहेत असं कुणी म्हणून दाखवावं. ती काढून गाणं वाजवून पाहावं. तरीही हे परंतुक उघड्या दारासारखं राहिलं आहे. त्यात स्वच्छ शब्दांत लिहिलं गेलं पाहिजे की ध्वनिमुद्रणात वाद्य वाजवणारी व्यक्ती या परंतुकाच्या बाहेर आहे. तीन ओळींची दुरुस्ती आहे.

आणखी एक तफावत. ध्वनिमुद्रिकेच्या मालकाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, कलावंताचा सादरीकरणानंतर पन्नास. गाणं तेच, पीक तेच. मालकाच्या घरी धान्य दहा वर्षं जास्त येत राहतं.

इथे मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो प्रामाणिक असतो. घर बांधणाऱ्या गवंड्याला कुणी भाड्यातला वाटा देत नाही, मग व्हायोलिनवाल्याला का द्यायचा? याचं सर्वांत चांगलं उत्तर अमेरिकेतल्या एका कामगार नेत्याने दिलं, आणि त्यासाठी त्याने सगळा देश दोन वर्षं अडवून धरला.

जेम्स पेट्रिलो हा शिकागोचा ट्रम्पेटवादक, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सचा अध्यक्ष. १ ऑगस्ट १९४२ पासून त्याने सभासदांना ध्वनिमुद्रण बंद करायला सांगितलं. त्याचं म्हणणं असं की जगातल्या इतर कुठल्याही कामगाराला स्वतःची रोजी घालवणारं यंत्र स्वतःच्या हाताने घडवावं लागत नाही; वादकाला ते रोज घडवावं लागतं. तो एक तबकडी वाजवतो, आणि ती तबकडी शंभर हॉटेलांत, शंभर रेडिओ केंद्रांवर त्याच्या भाईबंदांच्या जागी बसते. गवंड्याने बांधलेलं घर दुसऱ्या गवंड्याचं काम खात नाही. मला हा फरक मुळाशी वाटतो.

महायुद्ध चालू होतं. गायक संघटनेत नव्हते, म्हणून कंपन्यांनी वाद्यांऐवजी मागे कोरस उभा करून गाणी काढली. फ्रँक सिनात्राची त्या काळातली काही गाणी अशीच वाद्यांशिवाय झाली. डेक्का कंपनी १९४३ मध्ये नमली. खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली, तरी पेट्रिलो हटला नाही. अखेर नोव्हेंबर १९४४ मध्ये आरसीए व्हिक्टर आणि कोलंबिया यांनीही करार केला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम वादकांच्या निधीत जमा व्हायची आणि त्यातून गावोगाव मोफत मैफिली व्हायच्या, बेकार वादकांना काम मिळायचं.

इथपर्यंत ही विजयाची कथा आहे. मला मात्र तिचा पुढचा भाग जास्त शिकवतो. काही वर्षांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये रोज वाजवणारे वादक विचारू लागले की पैसे आमच्या वाजवण्यातून येतात, मग त्यांचं काय करायचं ते आम्हाला न विचारता कोण ठरवतं? संघटनेचे बहुसंख्य सभासद स्टुडिओत पाऊलही न टाकणारे होते, आणि मतं त्यांची होती. सेसिल रीड नावाच्या ट्रम्पेटवादकाने बंड केलं आणि १९५८ मध्ये ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची वेगळी संघटना निघाली. पेट्रिलो हा लुटारू नव्हता, त्याचा हेतू उदात्त होता. पण ज्याच्या श्रमाचा पैसा आहे त्याला निर्णयात जागा नसेल तर चांगल्या हेतूचा निधीही त्याला परका वाटतो. पैसा आणि प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी या प्रकरणातून शिकलो.

पेट्रिलोच्या संघटनेने आणखी एक काम केलं, ज्याचं महत्त्व तेव्हा कुणाला फारसं वाटलं नसेल. प्रत्येक सत्राचा एक छापील कागद असायचा. कोण आलं, काय वाजवलं, किती वेळ, किती पैसे. 'बीच बॉइज'च्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' या ध्वनिमुद्रिकेवर कुठल्या दिवशी कोण वाजवत होतं हे आज अभ्यासक सांगू शकतात, कॅरल के या बाईंनी बेस गिटार कुठे वाजवली हे शोधू शकतात, ते त्या कागदांमुळे. तबकडीच्या वेष्टनावर नाव नव्हतं, पण पीकपाहणीत होतं. पुढे तिथल्या कायद्याने डिजिटल प्रसारणाच्या स्वामित्वधनाची वाटणी ठरवली, तेव्हा पन्नास टक्के ध्वनिमुद्रिकेच्या मालकाला, पंचेचाळीस टक्के मुख्य कलाकाराला आणि पाच टक्के मागे वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी ठेवले. पाच टक्के थोडेच आहेत, आणि साध्या रेडिओसाठी तिथे आजही कलाकाराला काही मिळत नाही. पण ते पाच टक्के कोणाचे हे शोधायला यादी आहे.

इंग्लंडमध्ये वाट वेगळी होती. ब्रिस्टलमधल्या एका चहागृहात ग्राहकांसाठी तबकडी लावली म्हणून ग्रामोफोन कंपनीने दावा लावला आणि जिंकला. त्यातून १९३४ मध्ये पीपीएल ही वसुली संस्था निघाली. त्या तबकडीवर लंडनचा सिंफनी वाद्यवृंद होता, पण हक्क मान्य झाला तो कंपनीचा. वादकांना पुढे कित्येक वर्षं जे मिळालं ते कंपन्यांनी आपखुशीने दिलेलं होतं. मागायचा हक्क त्यांना १९९६ मध्ये मिळाला.

आपल्याकडेही पीपीएल १९४१ पासून आहे. लग्नाच्या हॉलवाल्यांना, हॉटेलवाल्यांना ते नाव चांगलं परिचयाचं आहे. हॉटेलवाला पैसे भरतो, ते कंपनीकडे जातात, आणि इथपर्यंतचा हिशेब चोख असतो, कारण कंपनीचं नाव वहीत आहे.

कलावंतांची सोसायटी आपल्याकडे २०१३ मध्ये नोंदली गेली. लताबाईंसह अनेक नामवंत गायक तिच्या पाठीशी उभे राहिले. साठच्या दशकात ज्या मागणीसाठी त्यांनी वाद पत्करला, ती त्यांना हयातीत संस्थेच्या रूपात पाहता आली, याचं मला मनापासून समाधान आहे. दिल्ली उच्च न्यायालयात या सोसायटीने पब आणि बारविरुद्ध दावे लावून गायकांच्या हक्काचे हुकूमनामे मिळवले. सुरुवातीला तिच्या नावात फक्त गायक होते: इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन, इस्रा. नंतर नाव बदलून त्यात 'म्युझिशियन्स' हा शब्द घेतला गेला आणि ती इसामरा झाली. नावात एक शब्द वाढला, ही मला मोठी घटना वाटते.

आता पुढचं पाऊल. कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे कॉपीराइट सोसायटीच्या नियामक मंडळावर लेखक आणि मालक समसमान संख्येने असले पाहिजेत, आणि वाटणीत भेदभाव करता येत नाही. या कलमामागचं तत्त्व असं की बलवानाने दुर्बळाच्या नावाने वसुली करू नये. तेच तत्त्व कलावंतांच्या आत न्यायला हवं. ज्या गायकाचं नाव पोस्टरवर छापलं जातं आणि जो व्हायोलिनवाला तिसऱ्या रांगेत बसतो त्या दोघांचे हितसंबंध नेहमी एक नसतात. म्हणून अशा संस्थांच्या मंडळावर काही जागा फक्त सत्रात वाजवणाऱ्यांसाठी राखीव असाव्यात, आणि त्या वादकांनीच निवडून भराव्यात. गायकांवर अविश्वास म्हणून हे मी म्हणत नाही. अन्यायाची पहिली जाणीव त्यांनीच करून दिली. पण सेसिल रीडचा प्रश्न उद्या मुंबईत विचारला जाऊ नये असं वाटत असेल तर जागा आजच ठेवावी लागेल.

दुसरं, दावेदार न सापडलेल्या पैशांचं. जगभरच्या वसुली संस्थांत असे पैसे साठतात, आणि मुदत संपल्यावर ते ज्यांची नावं आधीच नोंदलेली आहेत त्यांच्यात प्रमाणात वाटून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. म्हणजे ज्याचं नाव हरवलं त्याचा वाटा ज्याचं नाव सर्वांत ठळक आहे त्याच्याकडे जातो. पडीक दिसणाऱ्या जमिनीवर शेजारच्या मोठ्या बागायतदाराने बांध सरकवावा तसं हे आहे. ते पैसे आधी शोधासाठी खर्च व्हावेत. जुने व्हाउचर, स्टुडिओची रजिस्टरं, अरेंजरच्या घरी पडलेले नोटेशनचे गठ्ठे, वादकांच्या डायऱ्या. नोटेशनच्या कोपऱ्यात वादकाचं नाव लिहायची पद्धत होती, ते कागद वाळवीने खाण्याआधी कुणीतरी वाचायला हवेत. मुंबईत सिने म्युझिशियन्स असोसिएशनने वादकांसाठी दर आणि शिफ्ट यांची शिस्त घालून दिली. या कामातही तिच्यासारख्या संघटनेइतकं जाणकार कोण असणार?

परदेशातल्या पैशांचंही सांगतो. कलावंतांच्या हक्कांविषयीच्या रोम कराराला १९६१ मध्ये भारताने सही केली, पण तो कधीच कायम केला नाही. २०१८ मध्ये मात्र आपण त्याच विषयावरच्या १९९६ च्या जागतिक करारात सामील झालो. आणि सप्टेंबर २०२० मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने आयर्लंडच्या एका प्रकरणात ठरवलं की बाहेरच्या देशाचा आहे एवढ्यावरून कलावंताला वाट्यातून वगळता येणार नाही. डब्लिनमधल्या एखाद्या हॉटेलात हिंदी गाणं लागलं तर तिथला पैसा मुंबईच्या वादकापर्यंत यायला निदान तत्त्वाने वाट मोकळी झाली. पण डब्लिनहून पहिला प्रश्न काय येणार? वाजवलं कुणी?

नव्या गाण्यांबाबत तर ही अडचण असायचंच कारण नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आता बारा अक्षर-अंकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो. गाणं कुठे, किती वेळा वाजलं हे त्या क्रमांकावरून कळतं. पण तो क्रमांक गाण्याचा आहे, वादकाचा नाही. वादकांची यादी कुणीतरी वेगळी भरून त्याला जोडावी लागते. आणि आता सगळे एका वेळी स्टुडिओत नसतात. बासरीवाला मंगळवारी येतो, सारंगीवाला चेन्नईतून फाइल पाठवतो, तालवाद्यं महिन्यापूर्वीच ट्रॅकवर चढलेली असतात. एकमेकांना पाहिलेलंही नसतं. मास्तरांना निदान शेजारच्या खुर्चीत कोण होतं ते माहीत असायचं. म्हणून माझी मागणी साधी आहे: ज्या दिवशी वाजवलं त्या दिवशी, स्टुडिओ सोडण्याआधी, एक पान भरलं जावं. नाव, वाद्य, तारीख, गाण्याचा क्रमांक, वादकाची सही. त्या पानाशिवाय गाणं प्रकाशित करायला कंपनीने घेऊ नये. तलाठी शेतावर येऊन पीक पाहायचा, तशी ही पीकपाहणी. वाजवलेले सूर शिकून यंत्रं स्वतःच संगीत तयार करू लागली आहेत, अशा दिवसांत हे पान आणखी तातडीचं आहे. कुणाच्या हातचे सूर यंत्राला खाऊ घातले हे उद्या विचारायचं असेल तर आज लिहून ठेवायला हवं.

कुळाची उपमा मी इतक्या वेळा दिली, तिची मर्यादाही मला माहीत आहे. एका शेताला एक कूळ असतं, एका गाण्याला साठ. प्रत्येकाचा वाटा काढला तर तो काही रुपयांचाच निघेल असं हिशेब ठेवणारे म्हणतात, आणि एका गाण्यापुरतं ते खरंही असेल. पण मास्तरांच्या एका डायरीत एका वर्षाच्या दोनशेहून जास्त शिफ्ट आहेत. अशी वर्षं चौदा. काकूंनी मास्तरांच्या शेवटच्या आजारपणात औषधांची बिलं याच डायऱ्यांच्या मागच्या पानांवर लिहिली आहेत, हे मी पाहिलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटता आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यापासून आम्ही तिघं-चौघं या डायऱ्यांवर बसलो आहोत. तारीख, संगीतकार आणि बॅनर यांवरून चित्रपट शोधायचा, चित्रपटातली गाणी काढायची, मग कान देऊन ऐकायचं. एका पानाच्या मागे मास्तरांनी बसण्याची व्यवस्था काढून ठेवली आहे, बहुधा कुणाला तरी समजावताना. बारा छोटे चौकोन, त्यांतल्या नऊमध्ये नावं. त्या दिवसाचं गाणं सापडलं आहे. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलेलं आहे. तीन चौकोन अजून भरायचे आहेत.

सभागृहाच्या मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरात, भावकीत, शेजारात कुणी ध्वनिमुद्रणात वाजवलं असेल, आकाशवाणीवर, तमाशाच्या किंवा भजनाच्या तबकडीत, मराठी-हिंदी-कोंकणी चित्रपटात, तर जाताना त्यांचं नाव आणि वाद्य त्या वहीत लिहा. साल आठवत असेल तर साल, स्टुडिओ आठवत असेल तर स्टुडिओ. गाणं आठवत नसेल तर ती जागा कोरी सोडा. ते आम्ही शोधू.